काय करायचं सोडलंत? रक्तक्षय ओळखण्याची सुरुवात इथून करा

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. दोन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे कठड्याचं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, तिथे भाजीची पिशवी टेकवून बसलेल्या दिसायच्या. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं, वय झालं आता." वय होतं ४६.

मी १९ वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. रोज तीस-चाळीस जणांचं रक्त काढते. तरी रोज जिन्यात भेटणारी ही बाई आजारी आहे हे लक्षात यायला मला चार महिने लागले, याचं मला आजही वाईट वाटतं. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडून चकल्यांचा डबा घेताना बोटं हाताला लागली. थंडगार होती, आणि नखं कागदासारखी पांढरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले. हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतलं ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य, निघालं ६.१. बायकांचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात.

६.१ म्हटलं की आपल्याला वाटतं, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल. काकू त्या दिवशीही पहाटे पाचला पाणी भरून, दोन डबे करून, केर-लादी उरकून आल्या होत्या.

हा लेख अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्या हातात पहिल्यांदाच 'एचबी (हिमोग्लोबिन) कमी' असा रिपोर्ट आलाय, किंवा रिपोर्ट नाही पण स्वतःबद्दल, आईबद्दल, सासऱ्यांबद्दल मनात शंका आहे. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण ओळखायचं कसं आणि दवाखान्यात जाऊन नेमकं काय सांगायचं, हे मला रोज दिसतं, म्हणून लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या, की रक्तक्षय लपतो कसा

अपघातात भसाभसा रक्त गेलं आणि हिमोग्लोबिन काही तासांत १२ वरून ६ वर आलं, तर माणूस कोसळतो. तेच ६ दोन-तीन वर्षांत हळूहळू झालं, तर शरीर सांभाळून घेतं. हृदय जास्त वेळा आणि जास्त जोराने रक्त ढकलतं. तांबड्या पेशी आपल्याजवळचा ऑक्सिजन अवयवांना जास्त सहज सोडू लागतात. त्वचेकडे जाणारं रक्त आखडतं, म्हणजे मेंदू आणि हृदयाला पुरेल. हात गार आणि चेहरा निस्तेज का होतो, त्याचं उत्तर इथे आहे.

आणि शरीर जिथे कमी पडतं, तिथे माणूस आपलं जगणं थोडं थोडं आवरतं घेतो. हे त्याचं त्यालाच कळत नाही. जिना चढायला त्रास होतो, मग दिवसातून तीनदा उतरणारी बाई एकदाच उतरते. एकदाच उतरल्यावर त्रास कमी होतो. मग ती म्हणते, मला काही त्रास नाही.

म्हणून "थकवा येतो का?" हा प्रश्न विचारून उपयोग नाही. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हो म्हणेल. प्रश्न वेगळा हवा.

पहिली पायरी: काय करायचं सोडलं, ते लिहून काढा

एक कागद घ्या. गेल्या दिवाळीला मी काय काय करत होते आणि आता करत नाही, एवढंच त्यावर लिहा. कारणं लिहू नका. कारणं आपण नेहमी चांगलीच शोधतो.

काकूंची यादी मी बसून लिहून घेतली होती. दर मंगळवारी सिद्धिविनायकाला चालत जायच्या, ते बंद. दादरला भाजी घ्यायला जायच्या, आता खाली येणाऱ्या गाडीवरून घेतात. चादरी हाताने धुवायच्या, आता लॉन्ड्रीत. भजनी मंडळात बसतात, पण वरच्या पट्टीत गात नाहीत, कारण ओळ पुरी होईपर्यंत दम पुरत नाही. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण होतं: गर्दी, ऊन, गुडघे, घसा. एकाखाली एक लिहिल्यावर त्या स्वतःच गप्प झाल्या.

तुमच्या यादीत कदाचित असं काही सापडेल. ट्रेन सुटताना पळायचं सोडलं. पुलाचा जिना चढून वर गेल्यावर मोबाईल बघायच्या निमित्ताने उभं राहायची सवय लागली. जिना चढताना फोन आला तर "वर पोचल्यावर करते" म्हणून कापता. रविवारी दुपारची झोप एक तासाची तीन तासांवर गेली. कामावर हिशोब दोनदा तपासावा लागतो, वाचलेलं लक्षात राहत नाही. चिडचिड वाढली आहे आणि घरातले म्हणतात, हिचा स्वभावच बदलला.

जोडीला स्टेशनचा एक पूल ठरवून घ्या. नेहमीचाच, नेहमीच्या चालीने. वर गेल्यावर सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतं का बघा. छातीत धडधड किती वेळ टिकते ते बघा. आठवड्यातून दोनदा असं पाहिलंत की स्वतःची खरी स्थिती कळते. कानात ठोके ऐकू येणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, संध्याकाळी डोकं जड होणं, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं, केस मूठमूठ गळणं हेही लिहा. यातलं एकेक लक्षण दहा कारणांनी येतं. थायरॉईडनेही येतं, झोप न मिळाल्यानेही येतं. पण चार-पाच एकत्र आली आणि यादीही लांबली, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: दिवसाउजेडी खिडकीपाशी या

चेहऱ्याच्या रंगावरून ठरवू नका. गोरी बाई फिकट दिसली तर लोक 'नाजूक' म्हणतात, सावळ्या बाईचा फिकटपणा कुणाच्या लक्षातच येत नाही. ट्यूबलाईटखाली तर सगळेच पांढरे दिसतात. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी उभं राहा आणि जिथे त्वचेचा रंग आड येत नाही अशा जागा बघा.

खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा. आतली कड लालसर असायला हवी. ती फिकी गुलाबी किंवा पांढुरकी दिसली तर खूण आहे. घरातल्या एखाद्या ठणठणीत माणसाची पापणी शेजारी बघा, फरक लगेच कळतो. पापणी बघताना डोळ्याचा पांढरा भाग पिवळट तर नाही ना, तेही बघा. पिवळेपणा असेल तर पेशी फुटत असण्याची किंवा यकृताची शंका येते, आणि ते दाखवायला उशीर करू नये.

जीभ बाहेर काढा. लोहाची कमतरता असेल तर ती फिकट दिसते. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर गुळगुळीत, लालभडक आणि झोंबणारी होते. नेहमीची मिसळ अचानक तिखट लागायला लागली, असं सांगणारे पेशंट मी पाहिलेत. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडून त्या बऱ्या होत नसतील तर तेही लिहून ठेवा. मिश्री लावणाऱ्या किंवा पान खाणाऱ्या माणसाची जीभ आणि हिरड्या मात्र रंगलेल्या असतात, तिथे पापणीवरच भिस्त ठेवा.

तळहात उघडून बोटं ताणा. रेषांचा रंग एरवी गुलाबीसर राहतो. रेषासुद्धा तळहाताइतक्याच फिकट झाल्या असतील तर हिमोग्लोबिन बहुधा बरंच खाली गेलेलं असतं. मेंदी असेल तर हे कळणार नाही. नेलपॉलिश काढून नखं बघा. लोहाची कमतरता जुनी असेल तर नखं ठिसूळ होतात, चपटी होतात आणि शेवटी मधे खोलगट, चमच्यासारखी होतात. काकूंच्या अंगठ्याच्या नखावर पाण्याचा थेंब टाकला तर तो तिथेच बसून राहायचा. अशी नखं एका महिन्यात होत नाहीत.

पण एक लक्षात ठेवा. पापणी लाल दिसली म्हणजे रक्तक्षय नाही, असं होत नाही. हिमोग्लोबिन थोडंच कमी असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही. दिसलं तर जायचंच, आणि दिसलं नाही पण यादी लांब आहे, तरीही जायचं.

तिसरी पायरी: जे सांगायला लाज वाटते ते विचारा

बर्फ. फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खायची अनावर इच्छा. लोहाच्या कमतरतेचं हे इतकं ठळक लक्षण आहे, आणि ते कुणीही आपणहून सांगत नाही. कुणी पाटीवरची पेन्सिल खातं, कुणी खडू, कुणी मुलतानी माती, कुणी कच्चे तांदूळ. पहिल्या पावसात मातीचा वास सगळ्यांनाच आवडतो. पण ओली भिंत चाटावीशी वाटणं वेगळं. एका मुलीने मला रक्त देताना हळूच सांगितलं, की ती पर्समध्ये पेन्सिलींचं पाकीट ठेवते, ट्रेनमध्ये तोंडावर ओढणी धरून खाते, आणि नवऱ्याला माहीत नाही. तिला आयुष्यभर वाटत होतं, आपल्यात काहीतरी घाण सवय आहे. लोह सुरू झालं की ही ओढ बहुतेकांची जाते, पुष्कळदा हिमोग्लोबिन वाढायच्याही आधी.

तेव्हा घरात कुणी असं खात असेल तर रागावू नका. मूल भिंतीचे पोपडे खातंय म्हणून धपाटा घालायच्या ऐवजी त्याचं रक्त तपासा. लहान मुलांच्या बाबतीत आणखी बघायचं ते असं: खेळताना लवकर बसतं, किरकिर करतं, वजन वाढत नाही, आणि पोट दुधावरच भरतं. दूध चांगलंच, पण त्यात लोह नगण्य, आणि दुधाने पोट भरलेलं मूल भाजी-भाकरी खात नाही.

चौथी पायरी: रक्त जातंय कुठे, ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'रक्त कमी आहे' हे कळलं की घरात टॉनिकची बाटली येते, बीट-डाळिंब येतं आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. रक्तक्षय हा तापासारखा आहे. ताप आहे एवढं कळून भागत नाही, कशाने आहे ते शोधावं लागतं.

बायकांच्या बाबतीत हिशोब करून दाखवते. १ मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ३०-४० मिलिलीटर रक्त गेलं तर १५-२० मिलिग्रॅम लोह गेलं. ८० मिलिलीटरच्या वर गेलं की त्याला अतिस्राव म्हणतात. तिथे दर महिन्याला ४० मिलिग्रॅम किंवा अधिक जातं. आपलं आतडं जेवणातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं. म्हणजे महिन्याची आवक ३० ते ६०. त्यातलं ३० च्या आसपास घाम, त्वचा, आतड्याच्या झडणाऱ्या पेशी यांतून असंच जातं. उरलेल्या शिल्लकीतून ४० कुठून काढायचे? साठ्यातून. साठा संपेपर्यंत हिमोग्लोबिन ठीक दिसतं, आणि संपला की घसरायला लागतं.

पण ८० मिलिलीटर मोजणार कोण? म्हणून असं विचारा: दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का? पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? त्या दिवसांत ऑफिसला काळी सलवारच घालते, खुर्चीवरून उठताना मागे बघते, असं आहे का? पुष्कळ बायका म्हणतात, "आमच्या घरात सगळ्यांचंच असं जातं." आई, मावशी, बहीण सगळ्यांनाच अतिस्राव असला म्हणून तो नॉर्मल होत नाही. काकूंच्या गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या. सहा-सात वर्षं अंगावरून जास्त जात होतं आणि त्यांना वाटत होतं, पाळी जायच्या आधी असं होतंच.

लागोपाठची बाळंतपणं, अंगावर पाजणं, मूळव्याधीचं रक्त ('थोडंसंच पडतं' असं म्हणत वर्षानुवर्षं), गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात झालेली जखम, आतड्यातले आकडीकृमी, मूत्रपिंडाचा जुना आजार, क्षयरोग, संधिवात या सगळ्यांनी हिमोग्लोबिन उतरतं.

पुरुषांविषयी वेगळं सांगते, कारण माझ्या घरात हे घडलं. माझ्या काकांचं हिमोग्लोबिन वयाच्या ६१ व्या वर्षी ९ वर आलं. एका डॉक्टरांनी दीड वर्ष लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं. थोडं वाढायचं, परत उतरायचं. शौचातून रक्त जातंय का हे कुणी तपासलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. त्या बाजूच्या गाठीतून रक्त पुष्कळदा इतकं हळूहळू झिरपतं, की शौचाला डोळ्यांना काही दिसत नाही आणि पोटही दुखत नाही. रक्तक्षय हेच काय ते एक लक्षण. म्हणून पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला, लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर पोट आणि आतडं तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "रक्त कुठून जातंय?" हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

पाचवी पायरी: सीबीसी करा आणि रिपोर्ट स्वतः वाचा

बोटाला टोचून नुसतं हिमोग्लोबिन बघण्यापेक्षा शिरेतून रक्त देऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, करा. त्याला उपाशीपोटी यावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पुरुषांना १३, बायकांना १२, गरोदरपणी ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५) याच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. गरोदर नसलेल्या बाईचं ८ च्या खाली, गरोदर बाईचं ७ च्या खाली म्हणजे तीव्र. "बायकांचं दहा असतंच" हे वाक्य मी लॅबच्या बाकावर रोज ऐकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. निम्म्याहून जास्त बायकांना आहे, म्हणूनच तर तो नॉर्मल वाटतो.

हिमोग्लोबिनखाली एमसीव्ही असा आकडा असतो. तो तांबड्या पेशीचा सरासरी आकार सांगतो. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान: बहुतेकदा लोहाची कमतरता, कधी थॅलसीमिया मायनर. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या: बी-१२ किंवा फोलिक अॅसिड कमी असण्याची शंका. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर सरासरी मधेच येते आणि एमसीव्ही फसवतो; तेव्हा आरडीडब्ल्यू हा, पेशींच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारा, आकडा वाढलेला दिसतो.

लोहाचा साठा फेरिटिन या रक्ताच्या तपासणीवरून कळतो. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे. ताप किंवा कुठलीही सूज असताना ते खोटं वाढतं, त्यामुळे आजारपणात केलेल्या फेरिटिनवर विसंबू नका. हिमोग्लोबिन १२.२ आणि फेरिटिन ६ असलेली मुलगीही थकलेली असते, तिला 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवू नये.

थॅलसीमिया मायनर म्हणजे आईवडिलांकडून आलेला गुण. हिमोग्लोबिन थोडंसंच कमी, एमसीव्ही खूप कमी, आणि तांबड्या पेशींची संख्या उलट जास्त, असं दिसलं की ही शंका घ्यायची. सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी समाजांत हे प्रमाण जास्त आहे, पण कुणातही असू शकतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं उगीच लोह दिलं जातं. एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या, तपासणीत ते कळतं, आणि लग्नाआधी कळलेलं बरं, कारण दोघांनाही मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात थॅलसीमिया मेजरचं, म्हणजे याच आजाराच्या गंभीर प्रकाराचं, मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी कुटुंबांतून आलेल्यांनी सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी याच वेळी करून घ्यावी.

बी-१२ बद्दल शाकाहारी घरांनी विशेष जागरूक राहावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही. इथे रक्ताबरोबर नसाही बिघडतात: तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, अंधारात तोल जाणं. (मधुमेहानेही असं होतं, म्हणून तपासणी हवीच.) बी-१२ न तपासता नुसतं फोलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

आणि रक्तदान शिबिराची संधी सोडू नका. आपल्याकडे रक्त द्यायला १२.५ हिमोग्लोबिन लागतं. "ताई, एचबी कमी आहे, पुढच्या वेळी या" असं म्हणून परत पाठवलं की मुली बिस्किटाचा पुडा घेऊन हसत निघून जातात. तुम्हाला त्या दिवशी फुकटात निदानाचं पहिलं टोक मिळालेलं असतं. त्या आठवड्यातच सीबीसी करा.

सहावी पायरी: मुंबईत जायचं कुठे, आणि धावायचं कधी

महापालिकेचा जवळचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' इथून सुरुवात करा. रक्ताच्या साध्या तपासण्या तिथे मोफत होतात, आणि पुष्कळ ठिकाणी संध्याकाळीही उघडं असल्याने नोकरी करणाऱ्यांना रजा टाकावी लागत नाही. पुढची तपासणी लागली तर परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर आहे. ओपीडीला सकाळी लवकर जा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि तो पहिल्या पायरीचा कागद बरोबर ठेवा. डॉक्टरांकडे दोन-तीन मिनिटंच असतात. "अशक्तपणा आहे" म्हटलंत तर गोळी मिळेल. "सहा महिन्यांपूर्वी पूल चढत होते, आता मधे थांबते, पाळीत दर तासाला पॅड लागतं, बर्फ खाते" असं म्हटलंत तर तपासणी होईल.

पुढच्या गोष्टींत ओपीडीची वाट बघू नका. बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी काळी चिकट शौचाला होणं (लोहाच्या गोळीने शौच काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते), रक्ताची उलटी, न थांबणारा रक्तस्राव, गरोदर बाईला धाप किंवा पायांवर आणि चेहऱ्यावर सूज. १०८ ला फोन करा किंवा सरळ अपघात विभागात न्या.

सातवी पायरी: गोळी सुरू झाल्यावर

डॉक्टरांनी लोह दिलं तर ते चहाबरोबर घेऊ नका. मुंबईत सकाळ चहा-खारीनेच होते, त्यामुळे हे जड जातं, पण चहातलं टॅनिन लोह अडवून धरतं. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर तरी चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळी, दूध आणि अॅसिडिटीचं औषधही त्याच वेळी नको. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. पोटात मळमळ, बद्धकोष्ठ झालं तर गोळी गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, दिवसाआड देता येते. आणि गोळ्यांची पाकिटं लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या गिळल्या तर ते विष आहे.

आहाराचं सांगायचं तर बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढत नाही. बीट आणि डाळिंब दोन्हींत लोह अगदी थोडं. अळीव, बाजरी, राजगिरा, चवळी, मटकी, काळे तीळ, मेथी यांत ते जास्त आहे, आणि मोड आणून, वर लिंबू पिळून खाल्लं तर अंगी लागतं. मासे-मटण खाणाऱ्यांना कलेजी, तिसऱ्या, सुकट यांतून लोह आणि बी-१२ दोन्ही मिळतात. उसळ किंवा चिंच-कोकम घातलेली आमटी लोखंडी कढईत केली तर कढईतलंही थोडं लोह उतरतं. उपास सोडा म्हणत नाही, पण सोमवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र असं धरून महिन्याचे बरेच दिवस साबुदाण्यावर जात असतील तर निदान राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाणे, खजूर तरी पानात असू द्या. साबुदाण्यात पिष्टापलीकडे जवळजवळ काही नाही.

मात्र हिमोग्लोबिन ८-९ असेल तर नुसत्या खाण्याने ते भरून येत नाही. गोळी किंवा शिरेतून लोह लागतंच.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेव्हा सुधारणा हळू दिसणार. गोळी लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ते २ ने वर येतं. तेवढं आलं नाही तर गोळी पोटात जात नाही, शोषली जात नाही, रक्त अजून कुठून तरी जातंय, किंवा निदानच वेगळं आहे. आकडा नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला पुढे तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, आणि नेमकी तिथेच बहुतेक जण सोडतात, कारण बरं वाटायला लागलेलं असतं.

काकूंना शिरेतून लोह दिलं, फायब्रॉइडची शस्त्रक्रिया झाली. हिमोग्लोबिन ११.८ वर आल्यावर त्यांनीही गोळी सोडायचा घाट घातला होता. मी त्यांच्या कालनिर्णयवर पुढच्या तीन महिन्यांच्या पहिल्या तारखेला लाल पेनने 'रक्त' असं लिहून ठेवलं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी कामावरून येत होते, तर त्या जिन्यात मला मागे टाकून वर गेल्या. हातात प्रसादाचा पुडा होता, आणि मजल्याचं वळण गेल्यावर वरून आवाज आला, "अगं, उद्या एक तारीख ना? सकाळी येते लॅबवर."